एकही व्रण नाही

२०११ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले तीन डॉक्टर परळच्या केईएम रुग्णालयाच्या चार नंबर वॉर्डात एका बाईला तपासायला आले. टाटा मेमोरियलचे भूलतज्ज्ञ जे. व्ही. दिवातिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ रूप गुरसहानी आणि सायन रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ नीलेश शाह. अरुणा शानभाग जे जगते आहे त्याला जगणे म्हणावे का, आणि तिचे अन्न थांबवून तिला जाऊ द्यावे का, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. प्रश्न कितीही गहन असला तरी डॉक्टरांची तपासणी ठरलेल्या रस्त्यानेच जाते. नाडी ८०, श्वास मिनिटाला १५, ताप नाही. तोंडात एकही दात नाही. दोन्ही मनगटे आत वळून घट्ट झालेली, गुडघे आखडलेले. नाकातून अन्नाची नळी. अंग कृश, पण स्वच्छ. मग त्वचेची नोंद आहे: शय्याव्रण नाहीत, आणि पूर्वी होऊन बऱ्या झालेल्या व्रणांच्या खुणाही नाहीत.

ही बाई तेव्हा ३७ वर्षे अंथरुणात होती.

त्या अहवालातले मेंदूविषयीचे परिच्छेद देशभर वाचले गेले, त्यांवर वकिलांनी, धर्मगुरूंनी आणि संपादकांनी मते मांडली. त्वचेच्या नोंदीवर फारसे कोणी थांबले नाही. थांबले ते कौतुकापुरते. माझ्या मते मात्र त्या अहवालातले सर्वांत निर्विवाद वैद्यकीय सत्य तेच आहे, कारण ते कोणी सांगितले म्हणून मानायचे नव्हते. पाठीवर, खुब्यावर, टाचेवर दिसत होते. केईएमच्या सिस्टरांच्या जवळजवळ चार दशकांच्या कामाचा दाखला त्या अंगावर होता आणि त्यात खाडाखोड नव्हती.

ज्यांनी घरात कोणाला महिनाभर अंथरुणात पाहिले आहे त्यांना शय्याव्रण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेले मांस दबते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तो भाग उपाशी मरू लागतो. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो म्हणून वाचतो. ज्याला हलता येत नाही त्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर, खांद्याच्या फऱ्यांवर, अगदी डोक्याच्या मागच्या बाजूलाही हे घडते. नुकसान पुष्कळदा आत, हाडाजवळ सुरू होते. वर छोटासा डाग दिसतो तेव्हा आत खड्डा झालेला असतो. मलमूत्राची ओल, चादरीची घडी, अंथरुणात राहिलेला पोळीचा तुकडा, रुग्णाला उचलण्याऐवजी फरफटत वर सरकवणे, यांतली कोणतीही गोष्ट त्याला पुरते. एकदा व्रण पडला की त्यात जंतू शिरतात, आणि पुष्कळ रुग्ण मूळ आजाराने न जाता त्या जंतूंनी जातात.

हे टाळता येते की नाही यावर वैद्यकशास्त्रात फार काळ भांडण होते, आणि ते भांडण डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातल्या नात्याचाच इतिहास आहे. पॅरिसचे मोठे मज्जातज्ज्ञ शार्को यांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खात्री होती की मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की त्वचा आतूनच मरते. म्हणजे व्रण हा आजाराचा भाग, मृत्यूची पूर्वसूचना. सेवा करणारा काय करणार? त्याच्या आधीच, १८५९-६० च्या सुमारास, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात उलट बाजू मांडून ठेवली होती. रुग्णाला व्रण पडला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकायला परिचारिकांवर ठपका ठेवल्यासारखे वाटते. पण ज्याचा दोष आपल्यावर येऊ शकतो त्याचे श्रेयही आपलेच असते, एवढा अधिकार नाइटिंगेल बाईंनी त्या वाक्यात आपल्या पेशासाठी मागून घेतला होता.

शार्कोंचे मत मोडायला दुसरे महायुद्ध यावे लागले. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांचा वॉर्ड सुरू केला. हे सैनिक तेव्हा काही आठवड्यांत व्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरत. गुटमन यांनी दिवसरात्र, दर दोन तासांनी, प्रत्येकाची कूस बदलण्याचा नेम घातला आणि माणसे जगू लागली. मग १९६२ मध्ये डॉरीन नॉर्टन या परिचारिकेने दोन सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांचा अभ्यास छापला. कोणते मलम चोळले यापेक्षा रुग्णाला कितीदा वळवले यावर सगळे ठरते, हे त्यातून पुढे आले. व्रणाचा धोका आधीच ओळखण्यासाठी नॉर्टन यांनी पाच गोष्टींचे कोष्टक केले: शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकी जास्तीत जास्त ४ गुण, एकूण २०. १४ किंवा त्याखाली आले की सावध. न्यायालयाच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या स्थितीवरून मी अरुणाचे गुण मांडून पाहिले, तर ती या कोष्टकाच्या अगदी तळाला येते, पाच-सहा गुणांच्या आसपास.

आता तिच्या कथेकडे. कथा माहितीची आहे म्हणून थोडक्यात सांगतो. अरुणा रामचंद्र शानभाग, जन्म १ जून १९४८, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. केईएममध्ये स्टाफ नर्स. शस्त्रक्रियेच्या प्रयोगांसाठी जिथे कुत्री ठेवत त्या विभागात तिचे काम होते. तिथल्या एका सफाई कामगाराला ती कामावरून बोलली होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी त्याने तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती सापडली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने जे नुकसान झाले ते भरून येणारे नव्हते. गुन्हेगाराला खुनाचा प्रयत्न आणि चोरी याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. मुंबईतल्या परिचारिकांनी त्या वेळी काम बंद ठेवून अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आवाज उठवला. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला रुग्णालयाबाहेर हलवायचा विचार केला तेव्हा त्याच पुन्हा आड आल्या आणि पालिकेने माघार घेतली.

इथून पुढे बहुतेक लेखक थेट २००९ च्या याचिकेवर उडी मारतात. मधली ३६ वर्षे एका वाक्यात आटोपतात: परिचारिकांनी तिला पोटच्या पोरीसारखे, सख्ख्या बहिणीसारखे सांभाळले. हे खोटे नाही. पण प्रेमाने व्रण टळत नाहीत. ज्या घरांत आईवर जीव ओवाळून टाकणारी मुले आहेत त्या घरांतही आईच्या कमरेला हाताची मूठ जाईल एवढी जखम होते, कारण रात्री दोन वाजता आणि चार वाजता तिला वळवायचे असते हे कोणी त्यांना सांगितलेले नसते, किंवा सांगितलेले असते पण कसे वळवायचे ते दाखवलेले नसते.

२८ नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५ हे १५ हजारांहून जास्त दिवस होतात. रुग्णालयाच्या तीन पाळ्या धरल्या तर ४५ हजार वेळा एका सिस्टरने दुसरीला ‘ओव्हर’ दिली, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवली. दर दोन तासांचा नेम धरला तर पावणेदोन लाखांहून अधिक वेळा कूस बदलली गेली. आकडा मी हिशेबासाठी मांडला आहे; प्रत्येक वेळी घड्याळ पाहूनच हे झाले असा दावा नाही. उलट ज्या वॉर्डात घड्याळ पाहूनच काम होते तिथेही व्रण पडतात. दोन तास ही सरासरी. एखादीच्या खुब्यावर दीड तासातच लाली चढते, ताप आला तर आणखी लवकर. ती लाली बोटाने दाबल्यावर पांढरी पडून परत भरते का, की तशीच राहते, हे पाहायचे असते. पाश्चात्त्य पुस्तकात ही खूण ठळक दिसते, आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हाताची पाठ जास्त सांगते: इथली त्वचा शेजारच्यापेक्षा गरम आहे का, कडक लागते का, की पाणी साठल्यासारखी भुसभुशीत आहे? अनुभवी सिस्टर स्पंजिंग करताना दुसरीशी बोलत असते आणि तिचा हात हे सगळे वाचत असतो. नवी मुलगी तेच स्पंजिंग त्याच पाण्याने करते आणि अंग फक्त स्वच्छ होते.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये या फरकावर आख्खे पुस्तक लिहिले. नवखी परिचारिका नियम पाळते. वर्षानुवर्षे रुग्ण पाहिलेली नियमाच्या आधीच जागी होते आणि ‘मला हे ठीक वाटत नाही’ म्हणते, कारण मात्र तिला लगेच सांगता येत नाही, अशी त्यांची मांडणी. आपल्याकडे हे ज्ञान कोणी लिहिले नाही. ते ओव्हरमध्ये तोंडी दिले गेले. आज डाव्या कुशीवर जास्त ठेवू नका. दुपारपासून लघवी कमी आहे, गढूळ दिसते. सकाळी दोन घास घेऊन तोंड मिटले. वहीत जेमतेम एक ओळ पडते, बाकीचे कॉटशेजारी उभे राहून सांगितले जाते.

ज्ञान बदलतेही. ‘बॅक केअर’ म्हणून पाठ स्पिरिटने चोळून वर पावडर लावण्याची रीत आपल्या वॉर्डांत कित्येक पिढ्या शिकवली गेली. पुढे कळले की लाल झालेल्या हाडाच्या भागावर जोराने चोळले तर आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी तुटतात, आणि स्पिरिटने कातडी कोरडी होऊन चिरते. साडेएकेचाळीस वर्षे ज्या वॉर्डात तीच रुग्ण होती तिथे ही जुनी रीत आणि नवी समज दोन्ही येऊन गेल्या असणार. त्यातले काय ठेवायचे, काय सोडायचे, हे दर खेपेला त्या पाळीतल्या सिस्टरनेच ठरवले.

जेवणाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंद आहे की सप्टेंबर २०१० पर्यंत अरुणाला तोंडाने भरवत होते, कुस्करलेले अन्न. मासे आणि चिकनचे सूप तिला आवडे असे सिस्टर सांगत. मग तिला ताप आला, बहुधा मलेरिया, आणि नाकातून राईल्स ट्यूब घालावी लागली. त्यानंतर मुख्य अन्न नळीनेच जाई, तोंडाने अधूनमधून थोडे पातळ. मेंदूला इजा झालेल्या माणसाला ३६ वर्षे चमच्याने भरवणे याला साहस म्हणावे लागेल. गिळण्याची क्रिया बिघडलेली असली तर घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो आणि रुग्ण जातो. म्हणून डोके किती उंच ठेवायचे, चमच्यात किती घ्यायचे, घास गिळला गेला आहे का ते गळ्याकडे पाहून कसे ओळखायचे, खोकल्याची एक उबळ आली की थांबायचे की थोडा वेळ जाऊ द्यायचा, असे डझनभर निर्णय एका वाटीत असतात. आणि सर्वांत मोठा निर्णय हा की आज तोंडाने द्यायचेच नाही. घाईच्या वॉर्डात नळी घालणे सोपे: पाच मिनिटांत पोट भरते. चमच्याने भरवायला पाऊण तास जातो. केईएमच्या सिस्टरांनी पाऊण तासाचा रस्ता निवडला, आणि २०१० मध्ये ताप आला तेव्हा नळी घालण्याचा निर्णयही झाला. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९९८ मध्ये त्यांनी तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. तिच्यावर मराठीत नाटक झाले, गुजरातीत कादंबरीही आली. विराणी यांचे म्हणणे क्रूर नव्हते. हाडे ठिसूळ, मनगटे वळलेली, दात किडलेले, जाणीव नाही. हे जगणे नाही, हिचे अन्न थांबवा, अशी विनंती. रुग्णालयाकडून डॉ. अमर पाझारे यांनी उलट प्रतिज्ञापत्र दिले: ती अन्न घेते, चेहऱ्याने प्रतिसाद देते, आणि शौचाला किंवा लघवीला लागली की आवाज करते, तो आवाज परिचारिका ओळखतात. दोन वर्णने इतकी वेगळी निघाली म्हणूनच न्यायालयाने २४ जानेवारी २०११ ला तीन डॉक्टर नेमले.

डॉक्टरांना जे दिसले ते मधले होते. तिचे डोळे उघडे होते, पण भोवतालची जाण असल्याची खूण मिळाली नाही. खोलीत माणसांची गर्दी झाली की ती आवाज करी, गर्दी पांगली की शांत होई. कायम अचेत अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात, असा त्यांचा निष्कर्ष. यावरून बाहेर दोन तट पडले. एकाचे म्हणणे, सिस्टरांना भास होत आहेत, त्या आपल्या मायेने तिच्यात माणूस पाहतात. दुसऱ्याचे म्हणणे, डॉक्टर तासभर आले, सिस्टर रोज पाहतात. माझे मत विचाराल तर हे दोन्ही तट चुकीच्या जागी भांडत होते. तो आवाज जाणिवेतून येत होता की मेंदूच्या खालच्या भागातल्या निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेतून, हे कळायला मार्ग नव्हता, आणि सिस्टरच्या कामाला त्याची गरजही नव्हती. आवाज झाला, सिस्टर आली, कातडी कोरडी राहिली, व्रण टळला. ज्ञानाची परीक्षा तिथेच झाली होती.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. कठोर अटींवर निष्क्रिय दयामरणाला भारतात प्रथमच वाट मोकळी झाली: उपचार थांबवायचे तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी. मात्र अरुणाच्या बाबतीत परवानगी नाकारली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर मला निकालाचा कणा वाटते. विराणी यांच्या तळमळीचा मान राखून न्यायालयाने म्हटले की तिची खरी जवळची माणसे म्हणजे केईएमचा कर्मचारीवर्ग. त्यांनी कधी मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावे. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, जगणे-मरणे ठरवताना, अंथरुणाशी रोज उभे राहणाऱ्यांचा शब्द पुस्तक लिहिणाऱ्याच्या शब्दापेक्षा आणि एका परीने तज्ज्ञांच्या निष्कर्षापेक्षाही जड मानला. केईएममध्ये मिठाई वाटली गेली.

या जागी लेखणी आवरती घ्यावी आणि चमत्कार म्हणून मोकळे व्हावे असा मोह होतो. चमत्कार म्हणवत नाही. मनगटे आणि गुडघे आखडले होते. त्वचा राखली गेली, सांधे राखले गेले नाहीत. रोज हातपाय ताणून सांधे हलते ठेवण्याचे काम सुरुवातीच्या वर्षांत किती नियमाने झाले असते तर हे टळले असते, हा प्रश्न उरतो, आणि तो एकट्या सिस्टरांना विचारण्यासारखा नाही. दुसरे असे की हीच सेवा शेजारच्या वॉर्डात जमिनीवर गादी टाकून झोपवलेल्या रुग्णाला मिळत होती का? मिळणे शक्य नव्हते. १९४६ च्या भोर समितीने देशात ४३ हजार माणसांमागे एक परिचारिका असल्याचे लिहिले होते. आकडा तेव्हापासून पुष्कळ सुधारला, तरी पालिका रुग्णालयाच्या वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात ते तिथे गेलेल्या कोणालाही माहीत आहे. अरुणा त्यांच्यातली एक होती म्हणून तिच्यासाठी वेळ काढला गेला. काम हाताला येत होते, वेळ मात्र सगळ्यांसाठी नव्हता. आणि तिची स्वतःची इच्छा काय असती, हे शेवटपर्यंत कोणालाच कळू शकले नाही. विराणी यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

मे २०१५ मध्ये तिला न्यूमोनिया झाला, अतिदक्षता विभागात हलवले, आणि १८ मे रोजी ती गेली. अंत्यसंस्कार भोईवाड्याच्या स्मशानात झाले. दोन आठवड्यांनी तिला ६७ वर्षे पूर्ण झाली असती. १ जूनला सिस्टर तिचा वाढदिवस दरवर्षी साजरा करत.

त्यानंतर मायमाउल्यांच्या सेवेवर अग्रलेख आले. सेवा, त्याग, माया, या तीन शब्दांत परिचारिकेला बसवले की तिला मान दिल्याचे समाधान मिळते आणि पगार, पदे, निर्णयाचा अधिकार यांचा विषय निघत नाही. आईला कोणी पगार देत नाही, आणि आईला कोणी तज्ज्ञही म्हणत नाही.

सिस्टरांच्या हातातले हे ज्ञान वॉर्डाबाहेर जाते का, ते पाहायचे तर परळहून खाडीपलीकडे यावे. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली तशी मुंबईच्या रुग्णालयांत काम करणारी पुष्कळ कुटुंबे नवी मुंबईत राहायला आली. आज नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम अशी नर्सिंग महाविद्यालये आहेत, तिथे मुलेमुली नॉर्टनचे आणि १९८७ चे ब्रेडन यांचे कोष्टक पाठ करतात. त्याच उपनगरांतल्या सातव्या-आठव्या मजल्यावर पक्षाघाताने आडवे झालेले आजोबा असतात, मुलगा परदेशी किंवा बारा तास ऑफिसात, आणि सांभाळायला ब्युरोने पाठवलेली मावशी. तिच्या हाती एअर बेड असतो, डायपर असतात, पावडर असते. कूस वळवण्याचे शिक्षण बहुधा नसते. रुग्णालयातून सोडताना घरच्यांना औषधांची यादी समजावून देतात, पण वळवायचे कसे, टाच हवेत कशी ठेवायची, लाली कशी तपासायची हे दाखवायला सिस्टरला दहा मिनिटे मोकळी मिळत नाहीत. मग महिन्याभरात आजोबा कमरेला जखम घेऊन परत दाखल होतात, आणि बिल भरताना कोणाला वाटत नाही की वाचवलेली ती दहा मिनिटे किती महाग पडली.

न्यायालयाचा रस्ताही पुढे सरकला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचार थांबवण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. ती फार किचकट निघाली म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी केली. आता रुग्णालयात एक प्राथमिक मंडळ बसते: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले निदान दोन तज्ज्ञ. त्यांच्या मतावर दुसरे मंडळ शिक्कामोर्तब करते, तेही डॉक्टरांचेच. ज्या खटल्यातून ही सगळी वाट निघाली तो खटला परिचारिकांच्या शब्दावर उभा होता. या दोन्ही मंडळांत परिचारिकेसाठी एकही खुर्ची राखलेली नाही. ती असायला हवी, आणि ती मागण्यासाठी चार नंबर वॉर्डातली त्वचेची ती एक नोंद पुरेशी आहे.